लिनक्सवर ब्लूटूथ सारखं पडतंय? आधी चिप की कर्नल, हे ठरवा

लक्षणं

ब्लूटूथ व्यवस्थित चालू असतं, बिलाचा प्रिंटर किंवा हेडफोन जोडलेला असतो आणि मधेच तुटतं. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर अ‍ॅडॉप्टरच नाही. कधी अ‍ॅडॉप्टर दिसतो, पण चालू करायचं बटण सरकवलं की पुन्हा मागे येतं. लॅपटॉप झोपवून उठवला की ब्लूटूथ गायब. रीस्टार्ट केल्यावर येईलच याची खात्री नाही, पण पूर्ण बंद करून थोड्या वेळाने लावलं तर बहुतेक वेळा येतं. करंट गेला-आला की पडतं. आणि क्वचित, ब्लूटूथ पडता पडता अख्खी मशीनच गोठते.

अशा वेळी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत, म्हणजे ‘डीमेसेज’मध्ये, खालच्यापैकी एखादी ओळ सापडते. (कमांडी आणि संदेश इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिलेत. टर्मिनलवर नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करा.)

- ‘एचसीआय०: हार्डवेअर एरर ०एक्स००’. शेवटचा आकडा वेगळा असू शकतो.
- ‘ऑपकोड ०एक्स०सी०३ फेल्ड: -११०’ किंवा ‘कमांड ०एक्स०सी०३ टीएक्स टाइमआउट’.
- ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१’.
- ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड… फेल्ड विथ एरर -२’.
- ‘यूज-आफ्टर-फ्री’ किंवा ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’, आणि त्याखाली फंक्शनांची लांबलचक यादी.

-११० म्हणजे चिपकडून वेळेत उत्तर आलं नाही. -७१ म्हणजे यूएसबीच्या तारेवरचं बोलणंच बिघडलं, आणि ते बहुधा विजेशी, केबलशी नाहीतर सॉकेटशी संबंधित असतं. -२ म्हणजे फाइल सापडली नाही. ‘यूज-आफ्टर-फ्री’ म्हणजे मोकळी करून टाकलेली मेमरी कर्नलने पुन्हा वापरली. ०एक्स०सी०३ ही ‘रीसेट हो’ अशी आज्ञा आहे. तिलाही उत्तर येत नसेल तर चिप पूर्ण गप्प झाली आहे असं समजा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या दुकानांच्या, शाळांच्या आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या लिनक्स मशीनवर हाच बिघाड माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. लक्षण एकच असलं तरी त्यामागे दोन वेगळे आजार असतात. एकात चिप किंवा तिच्यातलं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) खरोखर पडतं. दुसऱ्यात चिप ठीक असते, पण कर्नलमधली दोन कामं एकाच वेळी एकाच वस्तूला हात घालतात आणि एकमेकांच्या पायात येतात. त्याला रेस कंडिशन म्हणतात. मशीन बंद करून पुन्हा लावली की दोन्ही तात्पुरतं बरं होतं, म्हणून कोणता आजार होता ते कळतच नाही, आणि गिऱ्हाईक उगाच नवं कार्ड विकत घेतं. खालच्या तपासण्या ही निवड करण्यासाठीच आहेत. पैसे न लागणाऱ्या आधी, खर्चाच्या नंतर.

रीस्टार्ट करण्याआधी नोंद जपून ठेवा

ब्लूटूथ पडलं की पहिला हात पॉवर बटणाकडे जातो. तो थांबवा. ‘डीमेसेज’ची नोंद मेमरीत असते, रीस्टार्टबरोबर ती जाते. आधी ती एका फाइलमध्ये उतरवून घ्या. मशीन गोठल्यामुळे बंद करावीच लागली असेल, तर परत चालू झाल्यावर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ चालवा. मागच्या बूटची कर्नल-नोंद डिस्कवर साठवली जात असेल, तर ती मिळेल.

आपल्याकडे दुकानातल्या मशीनवर मेनू कधी कन्नडमध्ये, कधी मराठीत, कधी इंग्रजीत असतात. कर्नलची नोंद मात्र कायम इंग्रजीतच येते, त्यामुळे ती कोल्हापूरच्या माणसाला पाठवा की हुबळीच्या, दोघांनाही सारखीच वाचता येते. फोनवर ‘ब्लूटूथ चालत नाही’ एवढं सांगण्यापेक्षा त्या चार ओळींचा फोटो पाठवलेला शंभर पटीने बरा.

नोंदीत तीन गोष्टी बघा: सगळ्यात पहिली वाईट ओळ कोणती, तिच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत काय घडलं, आणि प्रत्येक वेळी तोच आकडा येतो का. शेवटच्या ओळीवरून निदान करू नका, ती बहुतेक वेळा परिणाम असते. कारण वर असतं.

बटण, सेवा आणि खरंखुरं बंद करणं

‘आरएफकिल लिस्ट’ चालवा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ला ‘येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’ने सुटतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपचं विमान-मोडचं बटण किंवा बायोसमधली सेटिंग बघा. नंतर ब्लूटूथची सेवा रीस्टार्ट करा. एवढ्याने कायमचं बरं झालं तर पुढचं वाचायची गरज नाही.

नाही झालं, तर मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा. लॅपटॉप बंद असला तरी आतल्या रेडिओ कार्डाला स्टँडबाय वीज मिळत राहू शकते, त्यामुळे नुसत्या रीस्टार्टने अडकलेली चिप सुटत नाही. त्याच मशीनवर विंडोजही असेल तर तिथलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, कारण त्यात ‘शट डाउन’ म्हटलं तरी मशीन अर्धवटच बंद होते.

याचा निकाल लिहून ठेवा. रीस्टार्टने कधीच येत नाही पण वीज पूर्ण तोडली की दर वेळी येतं, असं असेल तर चिपमधलं फर्मवेअर अडकतं आहे आणि ड्रायव्हरला (चिपशी बोलणाऱ्या कर्नलमधल्या कोडाला) ते सोडवता येत नाही. रेस कंडिशन असा नेम धरून वागत नाही.

करंट, हब आणि इन्व्हर्टर

या भागातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी माझ्या अनुभवात इथेच मिटतात, म्हणून इथे थोडं सविस्तर.

दुकानातली नेहमीची मांडणी अशी: काउंटरवर लॅपटॉप, त्याला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरवर चालणारा यूएसबी हब, हबमध्ये बारकोड स्कॅनर आणि ब्लूटूथ डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा अ‍ॅडॉप्टर), समोर बिलाचा ब्लूटूथ प्रिंटर. करंट जातो. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे तो हलतही नाही. दिवे क्षणभर मिचकतात आणि इन्व्हर्टर भार उचलतो. सगळं चालू आहे असंच वाटतं. पण तेवढ्या क्षणात हबच्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरचा ५ व्होल्टचा पुरवठा खाली आलेला असतो. निपाणीच्या एका दुकानात मी हबवरच्या छोट्या हिरव्या दिव्याकडे बघत उभा राहिलो आणि मेन स्विच खाली केला. दिवा जेमतेम मंद झाला, विझलाही नाही. लॅपटॉपवर मात्र ओळी पडल्या: आधी ‘हार्डवेअर एरर’, लगेच ‘यूएसबी डिस्कनेक्ट’, मग ‘न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस’, आणि शेवटी टाइमआउट.

या क्रमात दोन्ही आजार एकदम दिसतात. व्होल्टेज घसरल्यामुळे चिप गडबडली आणि तिने कर्नलला कळवलं. कर्नलने तिला सावरायला घेतलं. ते काम चालू असतानाच हबने सांगितलं, ‘डिव्हाइस निघून गेलं.’ एका कामाला चिप पुन्हा उभी करायची आहे आणि दुसऱ्याला तिची नोंद पुसायची आहे. जुन्या कर्नलमध्ये मशीन गोठते ती नेमकी याच वेळी. ज्या घरात करंट महिन्यात एखाद्या वेळी जातो तिथे हा योग फारसा येत नाही. खानापूरच्या पलीकडे जांबोटीकडे पावसाळ्यात तो सहज येतो.

उपाय स्वस्त आहे. डोंगल हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा, म्हणजे त्याला बॅटरीची स्थिर वीज मिळेल. डेस्कटॉप असेल तर संगणक आणि हब दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या. इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’ असेल तर तो लावून बघा, त्यात बदल लवकर होतो. पण एक अडचण आहे. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही, लगेच बॅटरीवर जातो. उन्हाळ्यात ज्या गावात व्होल्टेज उतरलेलं असतं तिथे बॅटरी दिवसभर झिजेल. अशा ठिकाणी नॉर्मल मोडच ठेवा आणि फक्त संगणकाला छोटा यूपीएस द्या.

उद्यमबागेत चित्र वेगळं असतं. वेल्डिंग किंवा मोठी मोटर चालू झाली की ‘एरर -७१’ येतो. केबल आखूड करा, संगणकाची लाइन मशीनच्या लाइनपासून वेगळी घ्या. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इथेच थांबा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला बोलवा. ब्लूटूथ नंतर बघता येईल. अर्थिंगचा खड्डा किंवा मेन बोर्ड स्वतः उघडू नका.

यूएसबी ३ ची हार्ड डिस्क शेजारी आहे का?

यूएसबी ३ च्या ५ गिगाबिटच्या सिग्नलचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर स्वतःचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतं. डिस्क काढून बघा, किंवा डोंगल हातभर एक्स्टेंशन केबलवर लांब न्या. या त्रासात आवाज तुटतो, माउस अडखळतो, पण नोंदीत सहसा ‘हार्डवेअर एरर’ येत नाही. तो येत असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

झोपणं-उठणं

यूएसबीचं एखादं उपकरण काही सेकंद रिकामं बसलं की लिनक्स त्याला झोपवतं. ही मुदत साधारणपणे २ सेकंदांची असते. चांगली चिप हाकेसरशी उठते. काही चिपा उठतच नाहीत, आणि मग पुढची प्रत्येक आज्ञा -११० ने संपते. ‘बीटीयूएसबी’ या यूएसबी ब्लूटूथच्या ड्रायव्हर-मॉड्यूलला ‘एनेबल_ऑटोसस्पेंड=एन’ हा पर्याय देऊन दोन-चार दिवस वापरा. बॅटरी किंचित जास्त खर्च होईल. पडणं थांबलं, तर पर्याय तसाच राहू द्या. ही पळवाट नव्हे. त्या चिपसाठी योग्य सेटिंग हीच आहे.

फर्मवेअर आणि कर्नल ताजे करा

अनेक ब्लूटूथ चिपांचं फर्मवेअर चिपच्या तात्पुरत्या मेमरीत असतं. वीज गेली की ते जातं, आणि ड्रायव्हर दर वेळी ‘/लिब/फर्मवेअर’मधून ते पुन्हा चढवतो. फाइल नसेल तर -२, आणि जुनी असेल तर चिप सुरू होते पण अधूनमधून पडते. ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज ताजं करा. डेबियनवर २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून या फाइलींसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग आहे. शाळांमधल्या जुन्या मशीन श्रेणीसुधारित करताना तो जोडायचा राहून जातो, आणि ब्लूटूथ बिचारं विनाकारण बदनाम होतं.

कर्नलचं महत्त्व मी वर म्हटलेल्या गोठण्याशी आहे. हार्डवेअर एरर हाताळणाऱ्या ‘एचसीआय_एरर_रीसेट’ या कामात यूज-आफ्टर-फ्री होऊ शकतो हे उघड झालं आणि २०२४ मध्ये सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत ते सीव्हीई-२०२४-२६८०१ या क्रमांकाने नोंदलं गेलं. दुरुस्ती जुन्या स्थिर कर्नलांतही पोचली आहे. ‘नवा कर्नल नको, जुनं बरं चाललंय’ असं म्हणून वर्षानुवर्षं अपडेट बंद ठेवलेल्या मशीनवर आज ही चूक अजूनही जिवंत असू शकते. माझं मत ठाम आहे: कार्डासाठी एक रुपयाही खर्च करण्याआधी कर्नल ताजा करा.

आता पैसे लागणाऱ्या गोष्टी

‘एलएसयूएसबी’ या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या कमांडीत डोंगलचा क्रमांक ‘०ए१२:०००१’ दिसला, तर तो केंब्रिज सिलिकॉन रेडिओच्या चिपचा क्रमांक आहे. ही कंपनी २०१५ मध्ये क्वालकॉमने घेतली. बाजारात हा क्रमांक लावलेले नकली डोंगल ढिगाने आहेत. कर्नल त्यांना ओळखतो आणि नोंदीत ‘अनब्रँडेड सीएसआर क्लोन डिटेक्टेड’ असं लिहून त्यांच्या चुका सांभाळून घेतो, पण सगळ्या चुका सांभाळता येत नाहीत. त्याच्यावर वेळ घालवू नका. रिअलटेक ८७६१बी चिपचा डोंगल काही शे रुपयांत मिळतो आणि लिनक्सवर नीट चालतो. नवा डोंगल त्याच पोर्टमध्ये लावून बघा. नवाही त्याच वेळी, त्याच पद्धतीने पडला, तर दोष पोर्टात, विजेत किंवा कर्नलमध्ये आहे.

लॅपटॉपच्या आतल्या एम.२ कार्डावर वायफाय आणि ब्लूटूथ एकत्र असतात, पण वायफाय सहसा पीसीआय एक्सप्रेसवरून आणि ब्लूटूथ यूएसबीवरून बोलतं. म्हणून वायफाय चालतंय याचा अर्थ ब्लूटूथची बाजू ठीक आहे असा होत नाही. घाटाकडच्या दमट हवेत संपर्कांवर थर धरतो. कार्ड काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवलं की कधी कधी काम होतं. अँटेनाच्या बारीक जोडांना जपा. यू.एफ.एल. प्रकारचा जोड सुमारे ३० वेळा काढघाल करण्याइतकाच बनवलेला असतो, त्याहून छोटे जोड आणखी नाजूक. हे काम आधी केलेलं नसेल तर थांबा, दुरुस्तीवाल्याकडे न्या. तुटलेला अँटेनाचा जोड नव्या कार्डापेक्षा महागात पडतो.

नवं कार्ड घेताना एक लक्षात ठेवा. इंटेलचं एएक्स२०१ फक्त इंटेलच्याच ठरावीक चिपसेटवर चालतं, कारण त्याच्या कामाचा मोठा भाग चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या लॅपटॉपला ते घेऊन उपयोग नाही. तिथे एएक्स२०० किंवा एएक्स२१० लागतं.

इथपर्यंत सगळं करूनही पडतंय: मग रेस कंडिशनकडे वळा

इथून पुढचा भाग ज्यांना कर्नल बांधता येतो त्यांच्यासाठी, विशेषतः बेळगावात इंजिनिअरिंग करणाऱ्या आणि ड्रायव्हरच्या कोडात डोकं घालायची हौस असलेल्या मुला-मुलींसाठी.

हार्डवेअर एरर म्हणजे काय ते आधी पक्कं करा. ब्लूटूथच्या मानकात एचसीआय हा यजमान आणि कंट्रोलर यांच्यातला व्यवहार आहे. त्यात ०एक्स१० क्रमांकाची एक घटना आहे, जी कंट्रोलर स्वतःहून पाठवतो. सोबत फक्त एका बाइटचा संकेत असतो, आणि त्याचा अर्थ ज्याने चिप बनवली तोच जाणे. ही घटना आली म्हणजे कार्ड जळालं असं मुळीच नाही. बऱ्याचदा आतलं फर्मवेअर कोसळलेलं असतं. इंटेलच्या चिपांवर ड्रायव्हर पुढे जाऊन ‘एक्सेप्शन इन्फो’ही मागून घेतो. नोंदीत ती ओळ असेल तर जपून ठेवा.

मग कर्नल काय करतो? घटना वाचणारं काम संकेत साठवतं आणि ‘एरर_रीसेट’ हे काम रांगेत टाकतं. ते काम डिव्हाइस बंद करतं आणि पुन्हा उघडतं. बंद करता-उघडताना चिपला आज्ञा जातात, उत्तराची वाट बघितली जाते, म्हणजे हे काम काही सेकंद चालतं. त्या सेकंदांत चिप गप्पच राहिली, तर काही ड्रायव्हर जीपीआयओच्या तारेने तिला खरोखरचा रीसेट देतात. रीसेट झाला की यूएसबीच्या नजरेत डिव्हाइस उपटलं जातं, ‘डिस्कनेक्ट’ चालतं, नोंदणी रद्द होते आणि शेवटचा संदर्भ सुटला की ‘एचसीआय_डेव्ह’ची (कर्नलमधल्या त्या अ‍ॅडॉप्टरच्या नोंदीची) मेमरी मोकळी होते. ‘एरर_रीसेट’ला यातलं काहीच माहीत नसतं. ते बंद करून परततं आणि त्याच मोकळ्या झालेल्या मेमरीवर ‘उघड’ म्हणतं. घराची चावी आपल्याकडे आहे म्हणून आत जावं, आणि तोवर घरच पाडलेलं असावं, तसं. २०२४ ची दुरुस्ती साधी आहे: काम सुरू होताना ‘एचसीआय_डेव्ह_होल्ड’ने संदर्भ धरायचा, संपताना ‘एचसीआय_डेव्ह_पुट’ने सोडायचा. मग मधे कोणी नोंदणी रद्द केली तरी मेमरी काम संपेपर्यंत टिकते.

आपल्या मशीनवर हाच प्रकार आहे का, हे ओळखायच्या खुणा: बिघाड दोन घटना एकदम आल्या तरच होतो (झोपेतून उठणं आणि जोडणी, किंवा एरर आणि उपटणं). दर वेळी फंक्शनांची यादी थोडी वेगळी असते. जास्तीचे छापील संदेश टाकले की बिघाड गायब होतो, कारण छापण्यात वेळ जातो आणि टक्कर चुकते. तेच कार्ड दुसऱ्या मशीनवर दिवसेंदिवस ठणठणीत चालतं. याउलट एकाच कृतीवर दर वेळी तोच संकेत येत असेल, तर चिप किंवा फर्मवेअर धरा.

पुरावा हवा तर केएएसएएन हा मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस चालू करून कर्नल बांधा. मोकळ्या मेमरीला कोणी हात लावला की ते जागच्या जागी ओरडतं, आणि मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली, हेही सांगतं. कुलुपांच्या क्रमासाठी ‘प्रूव्ह_लॉकिंग’ आहे. दोन धाग्यांच्या टकरीसाठी २०२० पासून कर्नलमध्ये केसीसॅनही आहे. एकीकडे ब्लूटूथचा सगळा व्यवहार टिपणारं ‘बीटीमॉन’ चालू ठेवा, म्हणजे ०एक्स१० ची घटना नेमकी कधी आली ते दिसेल. दुसरीकडे शोध चालू असतानाच यूएसबी डिव्हाइसच्या ‘ऑथराइज्ड’ फाइलमध्ये ० आणि १ आलटून पालटून लिहिणारी छोटी स्क्रिप्ट चालवा. खरी चिप नसेल तर ‘व्हीएचसीआय’ या आभासी ड्रायव्हरवरून कंट्रोलर असल्याचं भासवून हवी ती घटना पाठवता येते. हे सगळं मोकळ्या मशीनवरच करा. ज्यावर दुकानाचा हिशोब आहे त्यावर कधीही नको, कर्नल कोसळताना डिस्कवरची नोंद अर्धवट राहू शकते.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी दुरुस्ती करताना चार ठिकाणं आवर्जून तपासावीत. एक, रांगेत टाकलेल्या प्रत्येक कामाकडे त्याच्या वस्तूचा संदर्भ आहे का. दोन, नोंदणी रद्द करताना काम ‘कॅन्सल’ केलं, एवढ्यावर थांबू नका. ‘कॅन्सल_वर्क_सिंक’ आत्ताचं काम थांबवतं, पण लगेच कोणी तेच काम पुन्हा रांगेत टाकू शकतं. वस्तू नष्टच होणार असेल तर ‘डिसेबल_वर्क_सिंक’ हवं. तीन, जे कुलूप ते काम स्वतः मागतं, ते हातात धरून त्याच कामाची वाट बघू नका. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतील आणि मशीन गोठेल. यूज-आफ्टर-फ्री मिटवताना हा डेडलॉक घालून ठेवणं फार सोपं आहे. चार, रीसेट एकाच वेळी दोन वाटांनी सुरू होऊ देऊ नका. ‘बीटीयूएसबी’मध्ये यासाठी एक झेंडा ‘टेस्ट_अँड_सेट_बिट’ने उचलला जातो, आणि तो आधीच वर असेल तर ‘लास्ट रीसेट फेल्ड? नॉट रीसेटिंग अगेन’ अशी ओळ पडते. ही ओळ तुमच्या नोंदीत असेल तर मागचा रीसेट पुरा झाला नव्हता.

विलंब घालून टक्कर टाळायचा मोह होईल. ‘एमस्लीप’ टाकला, बिघाड दिसेनासा झाला, काम झालं असं वाटेल. तो बिघाड दुसऱ्या वेगाच्या मशीनवर परत येतो. असा पॅच मी कोणाच्याही मशीनवर ठेवत नाही.

कधी थांबायचं

नवा डोंगल, स्वतंत्र पोर्ट, यूपीएसची वीज आणि ताजा कर्नल एवढं करूनही ‘एरर -७१’ येत असेल, तर मदरबोर्डचा यूएसबी भाग तपासावा लागेल. ते मायक्रोस्कोप आणि रीवर्क स्टेशन असलेल्याचं काम आहे, घरी सोल्डर लावू नका. मशीन वॉरंटीत असेल तर स्क्रूही फिरवू नका. कार्डाजवळ करपल्याचा वास किंवा बॅटरी फुगलेली दिसली, तर मशीन ताबडतोब बंद करून चार्जर काढा. आणि केएएसएएनचा अहवाल हातात आहे पण कोड कळत नाही, तर स्वतः पॅच लावत बसण्यापेक्षा तो लिनक्सच्या ब्लूटूथ उपप्रणालीच्या देखभालकर्त्यांना पाठवा. त्यांचे पत्ते कर्नलच्या ‘मेंटेनर्स’ फाइलमध्ये असतात.

पाठवताना कर्नलची आवृत्ती, चिपचा यूएसबी क्रमांक, फर्मवेअर चढल्याच्या ओळी, पहिल्या वाईट ओळीच्या आधीची काही सेकंदांची नोंद आणि बिघाड कसा घडवून आणता येतो ते द्या. ‘बीटीमॉन’ची फाइल जोडण्याआधी मात्र जपा. तिच्यात जोडणीच्या किल्ल्या आणि उपकरणांचे पत्ते येऊ शकतात, आणि ब्लूटूथ कीबोर्ड वापरत असाल तर दाबलेली प्रत्येक कळही. नोंद चालू असताना पासवर्ड टाइप करू नका. फाइल दिल्यानंतर सगळ्या जोडण्या काढून पुन्हा नव्याने जोडा, म्हणजे जुन्या किल्ल्या निरुपयोगी होतील.